चिंचेखालची पिकअप

कबाडी गॅसकटर घेऊन आला तेव्हा मी शिलाई मशीनवर बसले होते. लग्नसराईचे दिवस, समोर ब्लाऊजांचा ढीग, आणि प्रत्येकीला आपलाच आधी हवा. मागच्या अंगणातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला म्हणून उठले. पाहते तर दोन माणसं आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या फाळक्याचे कब्जे तोडत होती आणि नवरा चिंचेला टेकून त्यांच्याशी गप्पा मारत उभा होता.

ती पिकअप लग्नानंतर काही वर्षांनी आमच्याकडे आली. नवऱ्यानं ती जुनीच घेतली होती. आमगावच्या आजूबाजूच्या गावांतून भाजी, पोहे, मुरमुरे गोळा करून तो सालेकशाच्या बाजारात न्यायचा. एका उन्हाळ्यात भर रस्त्यात इंजिन तापलं आणि जाम झालं. बैलांनी ओढत आणून ती चिंचेखाली लावली. पुढे ट्रॅक्टर आला, धानाच्या व्यापारात नवऱ्याचा जम बसला, आणि पिकअप जिथं होती तिथंच राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. केबिनचा तळ गंजून फुटला होता, त्यातून बोरीचं झुडूप वर आलं होतं आणि त्याची एक फांदी खिडकीतून बाहेर पडून ऐटीत वाढत होती.

"हे काय करून राहिले?" मी विचारलं.

"नेऊन राहिले. जागा मोकळी होईन, शेड टाकाचा आहे."

"मले विचारलं?"

नवरा हसला. त्यात वाईट काही नव्हतं. त्याला खरंच गंमत वाटली होती. "तुले काय विचाराचं त्यात? तुहा ब्लाऊज आहे का तो?"

कबाडीची माणसंही हसली.

मी आजवर अनेकदा विचार केला की त्या वाक्यात असं काय होतं. याहून वाईट बोलणी मी संसारात ऐकली आहेत आणि गिळली आहेत. त्या दिवशी मात्र गिळता आलं नाही. मी साडी खोचली, मागच्या चाकावर पाय दिला आणि वर चढून हौद्यात बसले. गंजाची पापडी माझ्या वजनानं कडकड वाजली.

"भाभीजी, उतर जाइए, लग जाएगा," कबाडी म्हणाला.

"नाही उतरत. तुमी जा."

"पागल झाली का?" नवऱ्याचं हसू आता गेलं होतं. "काय करशीन तिचं?"

"चालू करीन."

हे मी बोलले खरं, पण तोवर मी आयुष्यात एकदाही कुठल्या गाडीचं बॉनेट उघडलेलं नव्हतं. मला सायकल येत होती, आणि मशीनचं बॉबिन अडकलं तर काढता येत होतं. एवढंच. कबाडीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं चिंचेकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "बसू दे तिले. चार दिवसानं येजो." कबाडी गेला. तो चार दिवसांनी परत आला तेव्हा केबिनमध्ये मी होते, हातात विळा होता, आणि बोरीचं झुडूप अर्धं तोडून झालं होतं. तो आल्या पावली निघून गेला.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. त्यानंतर जो भेटेल तो एकच विचारी, काय फायदा? सुरुवातीला मी खोटं बोलायची. म्हणायची, धानाची पोती नेता येतील, बाजारात कापड नेऊन बसेन. लोक मान हलवत, पण पटलेलं नसे, कारण दारात ट्रॅक्टर उभा दिसत होता. मग एकदा एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आली आणि तिनंही तेच विचारलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून हातावर घेतल्या आणि म्हटलं, "फायदा काईच नाही. मले करावंसं वाटते."

ती बिचारी गोंधळली. मग म्हणाली, "असं कसं? काईतरी तं असनच."

आमच्याकडे शौक पुरुषांना असतो. कोणाला पटाच्या शर्यतीतल्या बैलांचा, कोणाला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या दंडारीच्या खेळाचा, कोणाला झुंजीच्या कोंबड्यांचा. पटाच्या जोडीला बदाम खाऊ घालणाऱ्या माणसाला कोणी फायदा विचारत नाही. शौकीन माणूस आहे म्हणतात, आणि म्हणताना जरा अभिमानानंच म्हणतात. बाईनं काही करायचं तर ते कोणाच्या तरी पोटात नाहीतर कोणाच्या तरी अंगावर जायला पाहिजे. लोणचं घाल, पापड लाट, कशिदा काढ. मी वीस वर्षांहून जास्त काळ दुसऱ्यांच्या अंगावरचं शिवत आले होते. आता मला असं काहीतरी करायचं होतं जे कोणाच्याच मापाचं नव्हतं. त्या बाईला दिलेलं उत्तर मी नंतर सगळ्यांनाच द्यायला लागले. सामानासाठी लागणारा पैसा माझ्या शिलाईचा होता, त्यामुळे तिथंही कोणाला तोंड उघडायला जागा नव्हती.

काम म्हणजे आधी नुसती साफसफाई होती. कोंबड्यांना हुसकावलं. सीटच्या फोममध्ये उंदरांची बाळंतपणं झाली होती, ती सीट काढून जाळली. डॅशबोर्डाच्या मागे सापाची कात निघाली, आख्खी, डोळ्यांच्या खोबणीसकट. मी ती पाहून घरात पळाले, पाणी प्यायले आणि परत आले. मोबाईल स्टेअरिंगला टेकवून ठेवायचा, हिंदीतले व्हिडिओ लावायचे, आणि त्यातला माणूस जे सहज करून दाखवतो ते आपण करायला जायचं. त्याच्याकडे बोल्ट फिरत होते. माझ्याकडे एकही फिरत नव्हता. गंजानं नट आणि बोल्ट मिळून एकच लोखंड झालं होतं. जोर लावला की पाना सटकायचा आणि बोटांची सालं निघायची. एका बोल्टची मुंडीच तुटून हातात आली. त्या आठवड्यात माझ्या हातून रेशमी साड्यांना फॉल लागेना, कारण फाटलेल्या बोटांना धागे अडकत होते.

आमच्या अंगणाला लागून मोठ्या जाऊचं अंगण आहे. मधे कमरेएवढी भिंत. वाटणीत विहीर आमच्याकडे आली तेव्हापासून आमचं बोलणं लग्नाकार्यापुरतं आणि मयतीपुरतं उरलं होतं. जेठ, म्हणजे माझे थोरले दीर, वारले, मुलगा रायपूरला नोकरीला गेला, ती घरात एकटी. मी काम सुरू केल्यापासून ती रोज भिंतीपलीकडे धान पाखडायला बसायची. पाखडायला एवढं धान तिच्याकडे नव्हतं, हे मला कळत होतं. एके दिवशी मी एका नटाशी झुंजत होते, पान्याला लोंबकळत होते, तेव्हा तिकडून आवाज आला.

"काऊन वो, असं लटकून राहिली? हात तुटन."

"मंग काय करू?"

"तेल पाज त्याले. रातभर पिऊ दे. घानीची लाट, तो मोठा दांडा, अडकली तं आमचे बाबा तेच करत."

तिचे वडील तेलघाणी चालवायचे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं एका घरात, मग एका भिंतीच्या अल्याड-पल्याड, आणि मला ते ठाऊक नव्हतं. मी डिझेलमध्ये चिंध्या भिजवून सगळ्या नटांना गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी तीन-चार नट सुटले, बाकीचे नाहीत. तिनं पदर कमरेला बांधला, भिंत ओलांडली आणि म्हणाली, "सर तिकडं." तिच्या मनगटात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, करून आलेला जोर होता. नट किंचाळला आणि फिरला. ती नटाकडे पाहून खुदकन हसली. मी तिला बाई म्हणते. त्या दिवसापासून बाई रोज यायला लागली. बोलायची कमी, ओढायची जास्त.

स्पेअर पार्टसाठी गोंदियाला जावं लागे. बसनं जायचं, पिशवीत जुना पार्ट घालून. एका दुकानात काउंटरवर गर्दी होती. मी इंजिनच्या पाण्याचा पंप मागितला. मालक माझ्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला, "भैया, कौन सी गाडी का चाहिए?" तो माणूस बिचारा आपल्या मोटरसायकलचा क्लच वायर घ्यायला आलेला. मी परत विचारलं. मालक म्हणाला, "भाभीजी, भाईसाहब को भेज दो, वो समझ जाएंगे."

मी पिशवीतून जुना पंप काढला आणि त्याच्या काचेच्या काउंटरवर ठेवला. हळू ठेवायचा विचार होता, पण तो जरा जोरातच ठेवला गेला. "भाईसाहबको नहीं समझता," मी म्हटलं. "गाडी मैंने खोली है. इसका सील गया है और बेअरिंग भी गया है. आपके पास है तो दो, नहीं तो नहीं बोलो."

मालकानं पंप उचलून फिरवला, आत गेला आणि नवा घेऊन आला. पुढच्या वेळी त्यानं मला खुर्ची दिली. त्या खुर्चीचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. काउंटरजवळ बाकीचे उभे राहतात, मलाही उभंच राहायचं होतं. मी उभीच राहिले.

सगळ्यात मनासारखं काम झालं ते केबिनच्या तळाचं. तळ म्हणून काही उरलंच नव्हतं. पाय ठेवायच्या जागेतून जमीन दिसायची, कधी कधी मुंग्यांची रांग. पत्रा कापायचा म्हणजे आधी त्याचा आकार हवा, आणि तिथले आकार सगळे वाकडे, चाकाच्या कमानीचा फुगवटा, गिअरच्या दांड्याभोवतीचा उंचवटा. व्हिडिओतला माणूस मोजपट्टी घेऊन काहीबाही आकडे सांगत होता. मी मोबाईल बंद केला, घरातून जुने पेपर आणि टाचण्या आणल्या आणि तळाला पेपर बसवायला लागले. जिथं फुगवटा तिथं टक्स घेतले, जसे छातीला घेतो. जिथं वळण तिथं कात्रीनं चिरा दिल्या, जशा बाहीच्या खोलाईला देतो. पेपर बसला तो असा बसला की एक सुरकुती नाही. बाई वाकून पाहत होती. "गाडीचा ब्लाऊज शिवून राहिली का?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की नवरा बाहेर येऊन पाहून गेला.

तो पेपर घेऊन मी फुलचूरला गेले. तिथं रस्त्यालगत लोखंडी गेट आणि खिडक्या बनवणारं एक दुकान आहे. दुकानदारानं पेपरवरून पत्रा कापून दिला, वाकवून दिला. म्हणाला, गाडी इथं आणा, वेल्डिंग करून देतो. गाडी आणता येत नव्हती. वेल्डिंग मशीन तिकडं पाठवता येईल, पण शंभर रुपड्यांच्या कामासाठी त्याचा माणूस येणार नाही, असं तो म्हणाला. मग मशीन भाड्यानं द्या आणि मला शिकवा, असं मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "आपसे नहीं होगा," तो म्हणाला. "क्यों?" त्याला कारण सांगता येईना. सरळ माणूस होता, खोटं कारण जुळवता आलं नाही म्हणून त्यानं मला शिकवलं. गेटच्या टाकाऊ तुकड्यांवर मी दुपारभर टाके मारले. पहिले सगळे पक्ष्याच्या शिटेसारखे. शेवटचे काही बरे.

घरी वेल्डिंग करताना चूक झाली. काळ्या काचेतून काही दिसत नाही म्हणून टाका कुठं मारायचा ते बघायला मी काच बाजूला करायची, आणि ती परत डोळ्यांसमोर धरायच्या आतच ठिणगी पडायची. दिवसभर असं झालं. संध्याकाळी डोळ्यांत कोणी तिखट घातल्यासारखी आग सुरू झाली. उघडताही येईनात, मिटताही येईनात. डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवस अंधारात पडून राहा म्हणाले.

नवरा बटाटे किसून घेऊन आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की बटाट्यानं थंड वाटतं. त्यानं रुमालात कीस बांधून माझ्या डोळ्यांवर ठेवला. बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "पुरे झालं आता. तुया डोळ्यावर तुही शिलाई चालते."

"माहीत आहे."

"मंग बंद कर."

"नाही."

"कायले एवढी जिद्द करून राहिली? कोनाले दाखवाचं आहे?"

माझे डोळे झाकलेले होते, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि म्हणूनच कदाचित मला बोलता आलं. म्हटलं, "कोनाले नाही. तुमी हसले ना त्या दिवशी, तेव्हा मले वाटलं का या घरात माह्या नावाची एकपन वस्तू अशी नाही का जिच्याबद्दल कोनाले मले विचारावं लागते. एक तरी पायजे."

रुमाल गरम झाला तसा त्यानं दुसरा ठेवला. त्यानं काम बंद करायला परत सांगितलं नाही, आणि मदतही केली नाही. पावसाळ्याआधी त्यानं शेड टाकलं ते गोठ्याच्या बाजूला टाकलं. चिंचेखालच्या जागेचा विषय त्यानं काढला नाही.

इंजिन जाम होतं ते सोडवायला आम्हाला पाऊसकाळ लागला. वर ताडपत्री बांधली. नोझल काढून त्या भोकांतून आत डिझेल ओतायचं, मुरू द्यायचं, मग खाली पुढच्या मोठ्या नटाला पाना लावून, पान्यात लांब पाईप घालून दोघींनी ओढायचं. हलायचं नाही. परत ओतायचं. बाकी गाव रोवणीत होतं, बाईही सकाळी बांधीत, धानाच्या शेतात, जायची आणि दुपारी चिखलाच्या पायांनी माझ्याकडे यायची. एका दुपारी पाईपवर आम्ही दोघी रेललो असताना आतून कट्ट असा आवाज आला. मला वाटलं काही तुटलं. बाई म्हणाली, "सरकलं." आम्ही परत जोर लावला. सुताएवढं सरकलं. उलट्या बाजूला ओढलं, तिकडंही सरकलं. संध्याकाळपर्यंत ते हात-दीड हात फिरायला लागलं. आम्ही दोघी चिखलात बसकण मारून नुसत्या त्या नटाकडे बघत बसलो. भुईत पुरलेलं काही जिवंत निघावं तसं वाटत होतं.

पुढचं काम मी भराभर केलं, आणि त्या घाईतच फसले. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढून घासून आणलं, नोझल गोंदियात तपासून आणले, पाणी आणि तेल वेगळं ठेवणारा नवा गॅसकेट टाकला, हेड बसवून बोल्ट आवळले. धान निसवायच्या, लोंब्या फुटायच्या दिवसांत गाडी चालू करायचा दिवस उजाडला. नवऱ्याच्या पानठेल्यावरच्या मित्रांना कुठून कळलं कोण जाणे, सगळे अंगणात हजर. कोणी भिंतीवर बसलं, कोणी मोबाईल काढला. मी चावी फिरवली. इंजिन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं आणि पेटलं. पांढऱ्या धुराचा लोट चिंचेत शिरला, कावळे उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तेवढ्यात आवाज बदलला. खोकल्यासारखा झाला. मी बंद केलं, तेलाची काडी काढून पाहिली. काडीला तेल नव्हतं, चहा होता. दुधाचा, घट्ट. पाणी तेलात शिरलं होतं.

"बाईच्या हातची गाडी," भिंतीवरून कोणीतरी म्हणालं. "तेलात चाय बनवते."

हशा झाला. नवरा हसला नाही, पण तो कोणाला काही बोललाही नाही. मी काडी पुसून जागेवर घातली. म्हटलं, "उद्या सकाळी उघडते. ज्याले पाहाचं आहे त्यानं या. चाय घरून पिऊन या."

तासाभरात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो धुराचा व्हिडिओ फिरत होता, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. एरवी मी त्या ग्रुपवर कोणाच्या मयतीला हात जोडण्यापलीकडे काही टाकत नाही. दुसऱ्या दिवशी हेड उघडल्यावर मी फाटलेल्या गॅसकेटचा फोटो काढला आणि टाकला. खाली लिहिलं, बोल्ट चुकीच्या क्रमानं आवळले म्हणून असं झालं, आता बरोबर आवळते.

चूक तीच होती. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक बोल्ट पूर्ण आवळत गेले होते. आवळायचं मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आणि तेही थोडं थोडं, फेऱ्या करत. गोधडीला टाके घालताना मी हेच करते, मधून बाहेर, नाहीतर कापड एका बाजूला गोळा होतं. हातांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं. लोखंड दिसलं की आपल्याला काहीच येत नाही असं मीच धरून चालले होते, याचा मला हशापेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्यांदा मी कोणाला बोलावलं नाही आणि कोणाला अडवलंही नाही. अंगणात बाई आणि मी. डिझेलच्या नळीतली हवा काढली, चावी फिरवली. धूर आला, पांढऱ्याचा निळसर झाला, मग विरळ होत गेला. इंजिन धडधडत राहिलं. बाईनं बॉनेटवर हात ठेवला आणि काढलाच नाही. मी काडी काढून पाहिली. तेल तेलासारखं होतं. नवरा दारात येऊन उभा राहिला. "पंख्याचा पट्टा ढिला आहे," तो म्हणाला. तो खरंच ढिला होता. मी आवळला.

रंग मी पिवळा दिला, हळदीसारखा. सगळ्यांनी पांढरा सांगितला होता. आरटीओच्या तपासणीत पहिल्यांदा हँडब्रेक धरेना म्हणून परत पाठवलं, ते बरोबरच होतं. दुरुस्त करून नेली तेव्हा पास झाली. चालवायला मी आधीच गोंदियात एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकून घेतलं होतं, बारावीतल्या पोरींसोबत.

मंडईच्या दिवसांत एक गोष्ट झाली. नवऱ्यानं मित्राला परस्पर सांगून टाकलं की आमची पिकअप सामान आणायला येईल. सकाळी तो मित्र दारात. नवरा म्हणाला, "चावी दे."

"कायची?"

"पिकअपची. मंडप आनाचा आहे."

"मले कोनी विचारलं नाही."

मित्र उभा, नवरा उभा. नवऱ्याचे कान लाल झाले. मला त्याची दया आली, पण चावी दिली नाही. त्या दिवशी मंडप ट्रॅक्टरनं आला. पुढचे दोन दिवस घरात भांडी जरा जास्त वाजली. मग एका सकाळी मी मशीनवर असताना तो आला, दाराच्या चौकटीला नख घासत उभा राहिला आणि म्हणाला, "अवो, उद्या आमगावून खताचे पोते आनाचे आहेत. तुही गाडी भेटन का?"

"भेटन," मी म्हटलं. "पन चालवीन मी."

तो शेजारी बसून आला. रस्त्यात त्यानं तीनदा सांगितलं की गिअर उशिरा टाकून राहिली. मी तिन्ही वेळा ऐकलं नाही.

गाडी काही नवी झाली नाही. डावा दरवाजा अजून दोनदा आपटावा लागतो. चढावर दुसरा गिअर उडी मारतो. पावसात टपावरून एक थेंब बरोबर ड्रायव्हरच्या मानेवर पडतो, आणि तो कुठून येतो हे मला अजून सापडलेलं नाही. मी कधी कधी रिकामी गाडी घेऊन दरेकशाच्या रस्त्यानं जंगलात जाऊन येते. मोहाच्या फुलांच्या दिवसांत तिकडं खिडकीतून जो वास येतो त्यासाठी. पोलीस चौकीवर विचारतात, काय माल आहे? मी म्हणते, काही नाही, फिरायला आले. ते मागे डोकावून खात्री करून घेतात.

यंदा धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या तेव्हा बाई म्हणाली, "मले शिकव." साठी ओलांडली आहे तिची. मी गाडी तिच्या बांधीत उतरवली, तिथं आपटायला काही नाही, फक्त धुरे, कडेचे मातीचे बांध. ती स्टेअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसली, चप्पल काढून, अनवाणी पाय क्लचवर. तेवढ्यात रायपूरहून मुलाचा फोन आला. कोणीतरी त्याला कळवलं होतं. तिनं स्पीकरवर लावला.

"आई, हे काय ऐकून राहिलो मी? या वयात? पडशीन, हाडं मोडतीन. उतर आधी खाली."

बाईनं ऐकून घेतलं. "हां," ती म्हणाली. "हां. ऐकू आलं." मग तिनं तो फोन चालू असतानाच माझ्या मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "आता काय दाबू?"

"क्लच सोडा. हळू."

तिनं सोडला, हळू नाही, एकदम. गाडीनं बेडकासारखी उडी मारली, धानाची खुंटं चाकाखाली करकरली, आणि आम्ही धुऱ्याच्या दिशेनं निघालो.